दोराने कापलेला चिरा

आमच्या गावच्या घरामागे विहीर आहे, दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्या विहिरीच्या काठाच्या चिऱ्याला खाचा पडल्यात. एकेक खाच एवढी खोल की माझी करंगळी त्यात आरामात बसते. लहानपणी मला वाटायचं कोणीतरी पटाशीने मुद्दाम कोरल्यात, दोर घसरू नये म्हणून. मग आजीनेच एकदा सांगितलं की कोणी कोरल्या नाहीत गो, पोहरा ओढून ओढून पडल्यात, माझ्या सासूच्या सासूपासून. काथ्याचा दोर, ओला, रोजचे पन्नास-साठ पोहरे, आणि खाली जांभ्याचा चिरा. आता पंप आहे, दोर कोणी लावत नाही, पण खाचा आहेत तशाच आहेत, पावसाळ्यात त्यात शेवाळ धरतं.

तुकोबांचा तो अभंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कॉलेजात होते आणि वाचता वाचता थांबलेच. ‘ओलें मूळ भेदी खडकाचें अंग’ ही सुरुवात, आणि पुढे ‘दोरें चिरा कापे पडिला कांचणी’. अरे ही तर आमची विहीर. देहूकडचा दगड काळा, आमचा तांबडा, पण दोर तोच आणि चिराही तोच. अभ्यासाने, म्हणजे सततच्या सरावाने, काय होतं ते सांगायला तुकोबांनी कुठला पराक्रम शोधला नाही, रोज पाणी ओढणाऱ्या बायकांच्या हातातला दोर घेतला. आणि मूळ कसलं, तर ओलं. वाळकं मूळ कितीही जाड असलं तरी खडकात शिरत नाही, पांढरं लुसलुशीत ओलं मूळच फट शोधत आत जातं. त्या ‘ओलें’ शब्दावर मी वर्गात अख्खा तास घालवलाय आणि अजून मन भरलेलं नाही.

मी मराठी शिकवते, अठरा वर्षं झाली. पेपरात या ओळीखाली प्रश्न येतो, अलंकार ओळखा, मुलं लिहितात दृष्टान्त, एक मार्क मिळतो, पुढचा प्रश्न. मीसुद्धा सुरुवातीची कितीतरी वर्षं असंच शिकवलं, की अलंकार म्हणजे दागिने, नवरी नटते तशी कविता नटते. मुलांना ते पटकन समजायचं आणि मलाही बरं वाटायचं. हल्ली मी ते वाक्य बोलत नाही. संकटाच्या कवितांमध्ये तरी नाहीच नाही, कारण ज्याचं घर वाहून गेलंय तो नटायला कशाला बसेल, आणि तरी उपमा त्याच्याच तोंडी सगळ्यात जास्त येतात, हे का होतं, याचा मी गेली चार-पाच वर्षं विचार करतेय.

सुरुवात झाली ती एका फोनपासून.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते जमिनीवर आलं आणि आमच्या मंडणगड-दापोलीकडच्या किनाऱ्यालाही त्याने सोडलं नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. माड निदान वाकतो, पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, बारीक आणि उंच, एक पडली की शेजारणीला घेऊन पडते, अशा आख्ख्या बागा दुपारच्या दोन-तीन तासांत झोपल्या. आधीच लॉकडाऊन, शाळा बंद, वर्ग मोबाईलवर घ्यायचे असं नुकतंच ठरत होतं, आणि इकडे कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नाही. पंधरा-वीस दिवसांनी माझ्या वर्गातल्या एका मुलाचा फोन आला, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढून रेंज पकडून केलेला, मागे वारा ऐकू येत होता. म्हणाला, मॅडम, आमच्या आगरातून आता समुद्र दिसतो.

एवढंच बोलला. ज्यांनी आगर, म्हणजे किनाऱ्याकडची माड-पोफळींची बाग, बघितलंय त्यांना कळेल हे काय वाक्य आहे. त्यांच्या घरापासून समुद्र दोनशे पावलांवर, पण पिढ्यान्‌पिढ्या तो नुसता ऐकू यायचा, दिसायचा नाही, मध्ये माड-पोफळींची भिंत. पोफळ लावल्यावर धरायला पाच-सात वर्षं लागतात, आणि ती आजोबांनी लावलेली. मी काय बोलावं? मी विचारलं, पंचनामा झाला का रे? तलाठी येऊन गेले का? घरावरचे पत्रे आणि कौलं आहेत ना? काही पाठवू का? तो म्हणाला, झाला पंचनामा, आहे सगळं, काही नको मॅडम, सहज केला फोन. आणि ठेवला.

रात्री मेणबत्तीच्या उजेडात भांडी आवरताना मला कुसुमाग्रजांची ‘कणा’ आठवली आणि हातातलं भांडं तसंच राहिलं. ती कविता मी निदान पंधरा वेळा शिकवली असेन. पुरात सगळं गेलेला एक जुना विद्यार्थी पावसात भिजून सरांकडे येतो, बोलतो, सरांचा हात खिशाकडे जातो तसा हसत उठतो आणि म्हणतो पैसे नकोत सर, ‘जरा एकटेपणा वाटला’. मी फोनवर जे केलं ते हेच होतं, खिशाकडे हात. आणि हे कळायला मला पंधरा वेळा शिकवून झाल्यावर एक वादळ लागलं.

मग मी ती कविता परत पहिल्यापासून वाचली, शिकवायला नव्हे, त्या माणसाचं ऐकायला. तो आल्या आल्या काय म्हणतो बघा. ‘गंगामाई पाहुणी आली’. कुसुमाग्रज नाशिकचे, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा नाव घरगुतीच आहे. पण पाहुणी! मग ती ‘माहेरवाशिणीसारखी’ घरात नाचते. आता माहेरवाशीण म्हटलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं ना, आपल्याकडे लेक माहेराहून रिकाम्या हाताने जात नाही, ओटी भरून जाते, मग ही तरी मोकळ्या हाती कशी जाईल? घरातलं होतं नव्हतं ते घेऊन गेली. आणि जाताना पापण्यांत थोडं पाणी ठेवून गेली, प्रसाद म्हणून. म्हणजे सगळा पूर त्याने पाहुणचाराच्या रीतीत बसवलाय, येणं, राहणं, नाचणं, बोळवण, प्रसाद, एक पायरीही चुकलेली नाही. चेतनगुणोक्ती अलंकार, उपमा अलंकार, बरोबर आहे, लिहा पेपरात, पण त्याच्या जागी बसून बघा. ज्या पाण्यासमोर त्याचं काहीही चाललं नाही त्या पाण्याला काय म्हणायचं एवढंच आता त्याच्या हातात उरलंय. तो दैत्य म्हणाला असता, वैरीण म्हणाला असता, कोणी नाव ठेवलं नसतं. त्याने लेक म्हटलं. आणि गंमत अशी की लेकीने नेलं म्हटल्यावर तो लुटला गेलेला माणूस राहत नाही, देणारा होतो, यजमान होतो, घराच्या चार भिंतींचा चिखल झाला तरी यजमान.

माझ्या मते कणा इथेच दिसतो, पहिल्या चार-सहा ओळींत. शेवटाकडे तो शब्द येतो तेव्हा नुसतं नाव दिलं जातं.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री पहिल्यांदा दिसली. पूर सांगताना इतक्या प्रतिमा, पण पुढे काम आलं की एकही नाही. भिंत बांधतो आहे, चिखलगाळ काढतो आहे. साधी क्रियापदं, चालू काळ. फावडं हातात घेतलं की उपमा बाजूला. हे ज्याने चिखल काढलाय त्याला नक्की पटेल, मला पुढच्याच वर्षी पटलं.

२२ जुलै २०२१, चिपळूण. वाशिष्ठी शहरात शिरली. चिपळूणवाले पूर आला असं फारसं म्हणत नाहीत, पाणी भरलं म्हणतात, त्यांना २००५ च्या २६ जुलैचंही आठवतं आणि त्याच्या आधीचंही. माझी मावशी बाजारपेठेजवळ राहते, तळमजला पाण्यात. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. तो चिखल मी विसरणार नाही, तांबूस-करडा, दळलेल्या पिठासारखा बारीक, आणि चिकट इतका की फावड्यावरून सुटायचा नाही, दुसऱ्या फावड्याने खरवडावा लागायचा. ओला आहे तोवर काढला तर निघतो, एकदा वाळला की वीट. म्हणून रडायला वेळ नाही, पाणी ओता, खराट्याने ढकला, सुपलीने भरा, बाहेर टाका. कपाटाचे दार उघडलं की आतून परत चिखल. शहरातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, १८६४ पासूनचं वाचनालय ते, पुस्तकांचा लगदा झाला होता, २००५ नंतर दुसऱ्यांदा, आणि ते बघून माझ्यासारखीला जे झालं ते मी इथे लिहीत नाही.

मावशी सातवी शिकलेली. चहा घेताना पायरीवर बसून कोणालातरी फोनवर सांगत होती, ‘पाणी जिना चढून वर बघायला आलं होतं गो, सात पायऱ्या चढलं, वरचं काही आवडलं नाही वाटतं, परत उतरलं.’ आणि आठव्या पायरीवर हात ठेवून बसली होती. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने कुसुमाग्रज वाचलेले नाहीत. तिला कोणी अलंकार शिकवलेला नाही. पण पाणी घर बघायला आलं, त्याला आवडलं नाही, हे बोलली तेव्हा तिचा आवाज तीन दिवसांत पहिल्यांदा नेहमीसारखा झाला होता. कवीने हे कुठून आणलं असेल ते मला तिथे, त्या पायरीवर कळलं. लोकांच्या तोंडात हे आधीपासून आहे, कवी ते नीट ऐकतो.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या स्टेटसला एकच ओळ होती, ‘फक्त लढ म्हणा’. मला त्या ओळीबद्दल प्रेमच आहे, पण एकटी ओळ फिरताना बघून जीव तुटतो. माणूस पुराला पाहुणी म्हणून घेतो, डोळ्यांतल्या पाण्याला प्रसाद म्हणतो, बायको वाचली हे आधी सांगतो, मग फावडं उचलतो, मग एकटेपणा कबूल करतो, आणि एवढं सगळं झाल्यावर लढ हा शब्द मागतो. मागतो, देत नाही. आपण मात्र तो शब्द चिखलात उभ्या असलेल्या लोकांना वाटत सुटलो होतो. आणि त्याने शब्दाच्या आधी काय मागितलंय, तर पाठीवर हात. कणा जिथे असतो नेमक्या तिथे. कवितेत सर एक शब्द बोलत नाहीत, तुमच्या लक्षात आलंय का? पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत विद्यार्थीच बोलतो, सरांचा फक्त हात हलतो, तोही चुकीच्या दिशेने. मग त्यांनी पाठीवर हात ठेवला की नाही? कविता त्याच्या आधी संपते. मी हे मुलांना विचारते तेव्हा वर्ग अगदी शांत होतो.

याच कवीने समुद्रावर कविता लिहिली आहे, ‘कोलंबसाचे गर्वगीत’, १९४२ च्या ‘विशाखा’ संग्रहात आहे. तिथला खलाशी वादळात समुद्राला ठणकावतो, आमची आशा अनंत, ‘किनारा तुला पामराला’. शाळेत असताना मी ही कविता पाठांतर स्पर्धेत म्हटली होती, बक्षीसही मिळालं होतं, अंगावर काटा यायचा आणि आजही येतो. पण हर्णैच्या बंदरावर एका ओळखीच्या तांडेल काकांना, मासेमारी होडीच्या म्होरक्याला, मी एकदा ती म्हणून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकली, मग म्हणाले, चांगली आहे, पण दर्याला पामर आमच्यातला कोणी म्हणणार नाही. त्याच्यावर जगायचं, आणि त्यालाच? आम्ही त्याला नारळ देतो.

मी यावर खूप विचार केला. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि कविताही खोटी नाही. कोलंबसाची गलबतं अजून पाण्यावर आहेत, त्याला अजून काही गमवायचं राहिलंय, भेदरलेल्या सोबत्यांना उभं करायचंय, तेव्हा समुद्राला छोटं करणं हे त्याचं साधन. आणि तो जाणार अनोळखी पाण्यावर. तांडेल काका १ जून ते ३१ जुलै बंदी पाळून नारळी पौर्णिमेला नारळ सोडून परत त्याच पाण्यावर जाणार, वर्षानुवर्षं. रोज ज्याच्या दारात जायचं त्याला शिवी देऊन कसं चालेल? एकच कवी, एका पाण्याला पामर म्हणतो, दुसऱ्याला माहेरवाशीण म्हणतो, आणि दोन्हीकडे चिकाटीच सांगतो. फरक चिकाटीच्या जातीत आहे. एक चाल करून जाण्याची, दुसरी तिथेच राहण्याची. कोकणातल्या माणसाला दुसरी जास्त ओळखीची, एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

तिथेच राहण्याची चिकाटी बघायची तर बहिणाबाईंकडे जावं लागतं. त्या खानदेशातल्या, १८८० ते १९५१, अक्षरओळख नव्हती, शेतात आणि जात्यावर ओव्या रचल्या, त्या गेल्यावर १९५२ मध्ये गाण्यांचं पुस्तक आलं. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ सगळ्यांना पाठ असतं, ‘आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर’ इथपर्यंत. पुढचं कोणी म्हणत नाही आणि पुढेच खरी गोष्ट आहे. पुढे ती बाई जवळजवळ भांडते. संसाराला खोटा म्हणू नको. देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नको. गळ्यातल्या हाराला लोढणं म्हणू नको. भिलावा म्हणू नको. सारखं म्हनू नको, म्हनू नको. म्हणजे कोणीतरी आधी संसाराला लोढणं म्हटलेलं आहे, आणि ती त्याची उपमा हातातून काढून घेऊन दुसरी देतेय! मला तर ही अख्खी कविता उपमांवरून झालेलं भांडण वाटतं. आणि ज्या बाईने तरुणपणी वैधव्य पाहिलं तिला हे भांडण परवडण्यासारखं नव्हतं असं कोण म्हणेल.

त्यातला भिलावा म्हणजे बिब्बा. आमच्या मुलांनी बिब्बा बघितलेला नसतो, म्हणून मी त्यांना काजू सांगते. आंबा, काजू, बिब्बा तिघं एकाच कुळातले. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे ओले काजूगर काढायचं काम चालतं. हिरवी बी उभी चिरायची, टोकदार काडीने गर अख्खा बाहेर काढायचा. पण टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी भाजते, काळी पडते आणि आठवड्याने सालीसारखी सुटते. बायका आधी खोबरेल लावतात, राख लावतात, तरी बोटांची टोकं जातातच. माझ्या आईच्या बोटांवर सिझनमध्ये रेषा दिसायच्या नाहीत, एकदा बँकेत अंगठा उमटेना. आणि त्याच बीला वर रसाळ बोंडू लटकलेला, आणि आत तो पांढरा गोड गर. बहिणाबाई भिलाव्याबद्दल हेच सांगतात, त्याला गोड भीमफूल आहे आणि मध्ये गोडंबी. त्यांनी चटका नाकारला नाही, जळत नाही असं कुठेही म्हटलं नाही. फक्त तू नुसत्या सालीचं नाव अख्ख्या फळाला देऊ नको, एवढा हट्ट. हे आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने बोटं पदराला पुसली आणि म्हणाली, हिला काम माहिती आहे.

भाकरी नारायण सुर्व्यांकडेही आहे, पण तिथे ती तव्यावर नाही, ‘भाकरीचा चंद्र’ आहे, आभाळात. गिरणगावात माझे काका बारा बाय बाराच्या खोलीत आठ जणांत राहिले, दर महिन्याला गावाला मनीऑर्डर, आणि ८२ च्या संपानंतर परत आले ते कायमचे. त्यांना मी ती ओळ वाचून दाखवायची हिंमत कधी केली नाही. हात आणि भाकरी यांच्यातलं अंतर एवढं होतं हे त्यांना माझ्याकडून कळायला नको होतं. विंदा करंदीकर तर आमच्याच बाजूचे, सिंधुदुर्गातल्या धालवलीचे. ‘माझ्या मना बन दगड’ असं ते स्वतःला सांगतात, कारण भोवतालचं दुःख बघवत नाही. दगड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जांभाच येतो, त्याला मी काय करू. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की चिरे सरळ कापून निघतात, आणि मग उन्हावाऱ्यात राहून राहून कठीण होतो. मनाला दगड हो म्हणणाऱ्याचं मन त्या क्षणी किती मऊ असेल, ते मला या दगडाने शिकवलं.

तो मुलगा पुढे दहावी झाला, आयटीआय केलं, बागेतही काम करतो. परवा त्यांच्या आगरात जाऊन आले. जाताना मनाशी ठरवलं होतं की पैशाचं, नुकसानीचं काही विचारायचं नाही. समुद्र अजून दिसतोच, पण आता मध्ये केळी उभ्या आहेत. मी म्हटलं केळी का लावल्यात, तर त्याची आई म्हणाली, पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही हो मॅडम, आधी सावली लावावी लागते, मग पोफळ. पहिल्या वर्षी घाई केली, उघड्यावर लावली, सगळी रोपं करपली. आता केळीच्या सावलीत दोन रांगा गुडघ्याएवढ्या झाल्यात, तिसऱ्या रांगेचे खड्डे खणून ठेवले होते, बाजूला रोपांच्या पिशव्या.

त्याने एक पिशवी फाडली, मातीच्या गोळ्यातून पांढरी ओली मुळं बाहेर आलेली होती. खड्ड्यात उतरून बसला आणि रोप माझ्याकडे दिलं. म्हणाला, मॅडम, जरा धरा, मी माती लोटतो. सरळ धरा हं, हलवू नका.